समलिंगी विवाहाबद्दल पाश्चात्त्य देशांची मते ताडून पाहायची कशी

२०२३ साली अमेरिकेत समलिंगी विवाहाला किती लोकांचा पाठिंबा होता? गॅलपचा आकडा ७१ टक्के, प्यू रिसर्च सेंटरचा ६३ टक्के. देश तोच, वर्ष तेच, दोन्ही नावाजलेल्या मतपाहणी संस्था, तरी ८ टक्क्यांची तफावत. त्याच वर्षीच्या प्यूच्या यादीत ब्रिटन ७४ आणि इटली ७३ वर आहे. अमेरिकेसाठी गॅलपचा आकडा उचलला तर ती ब्रिटन-इटलीच्या पंगतीत बसते, प्यूचा उचलला तर दहा-अकरा टक्क्यांनी मागे पडते. "अमुक देश तमुक देशापेक्षा पुढे" असे लिहिणाऱ्या बऱ्याच जणांचा पाय इथेच घसरतो. एका देशाचा आकडा एका पाहणीतून घेतलेला असतो, दुसऱ्याचा भलत्याच पाहणीतून, आणि वाचणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो.

दहा-बारा देशांची नीट तुलना साध्या एक्सेलच्या तक्त्यावर होते. व्यक्तिगणिक कच्ची माहिती चाळायची असेल तरच आर किंवा एसपीएसएससारखे सॉफ्टवेअर लागते. कठीण भाग गणिताचा नाहीच. काय कशाशी ताडायचे हे ठरवण्यात सगळी मेहनत आहे.

देशांची यादी आधी, आकडे नंतर

"पाश्चात्त्य" या शब्दात पश्चिम युरोप, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड येतात यावर वाद नाही. पोलंड, हंगेरी, ग्रीस, स्लोव्हेनिया यांचे काय? प्यूच्या २०२३ च्या पाहणीत स्वीडन ९२, नेदरलँड्स ८९, स्पेन ८७, फ्रान्स ८२, जर्मनी ८०, कॅनडा ७९, ऑस्ट्रेलिया ७५. त्याच पाहणीत ग्रीस ४८, पोलंड ४१, हंगेरी ३१. शेवटचे तीन गाळले की "पाश्चात्त्य सरासरी" टुणकन वर उडी मारते. ज्यांचा पाठिंबा जास्त तेवढ्यांनाच पाश्चात्त्य म्हणायचे आणि मग पाश्चात्त्य देशांत पाठिंबा जास्त आहे असे जाहीर करायचे, हा आपलीच शेपूट पकडण्याचा प्रकार झाला. निकष बाहेरचा घ्या: युरोपीय संघाचे सदस्यत्व, ओईसीडीचे (मुख्यतः विकसित देशांच्या आर्थिक संघटनेचे) सदस्यत्व किंवा सरळ भौगोलिक यादी. आणि तो आकडे उघडण्यापूर्वी लिहून ठेवा.

ब्रिटनच्या बाबतीत आणखी एक बारकावा. बऱ्याच ब्रिटिश पाहण्या फक्त इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्सपुरत्या असतात, उत्तर आयर्लंड त्यांत नसते. कायदाही एकदम आला नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये पहिली लग्ने २९ मार्च २०१४ ला लागली, स्कॉटलंडमध्ये त्याच वर्षी डिसेंबरात, उत्तर आयर्लंडमध्ये थेट २०२० मध्ये. त्यामुळे तक्त्यात "ब्रिटन" एवढेच लिहून भागत नाही.

प्रश्न शब्दशः वाचा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. बातमीत आलेला मथळा सोडा, मूळ अहवालाच्या शेवटी असलेली प्रश्नावली उघडा आणि प्रश्न जसाच्या तसा उतरवून घ्या. ओळखीच्या पाहण्या काय विचारतात ते शेजारी शेजारी ठेवले की फरक डोळ्यांत भरतो.

गॅलप विचारते की समलिंगी जोडप्यांच्या विवाहांना कायद्याने वैध मानावे का, पारंपरिक विवाहांइतकेच हक्क देऊन. उत्तर दोनच, मानावे किंवा मानू नये. प्यू विचारते की गे आणि लेस्बियन व्यक्तींना कायदेशीर विवाह करू देण्याला तुमचा पाठिंबा आहे की विरोध, आणि तोही ठाम की काहीसा. म्हणजे चार पायऱ्या, ज्यांतल्या दोनदोन नंतर एकत्र केल्या जातात. पहिल्या प्रश्नात झालेल्या विवाहाला मान्यता देण्याची भाषा आहे, दुसऱ्यात परवानगी देण्याची. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २६ जून २०१५ ला ओबरगेफेल खटल्याचा निकाल दिल्यापासून हे विवाह देशभर वैध आहेत. "जे आहे त्याला मान्यता असू द्या" म्हणणे "परवानगी द्यायला माझा पाठिंबा आहे" म्हणण्यापेक्षा अनेकांना सोपे जाते. शिवाय गॅलप फोनवर माणसाकरवी विचारते, तर प्यूचे अमेरिकेतले उत्तरदाते ऑनलाइन पॅनेलवर (वारंवार विचारता यावे म्हणून आधीच निवडून ठेवलेल्या लोकांच्या गटात) स्वतः बटण दाबतात. आठ टक्क्यांपैकी किती वाटा शब्दांचा आणि किती माध्यमाचा, हे या दोन आकड्यांवरून वेगळे काढता येत नाही. तसा आव आणूही नये.

युरोबॅरोमीटर हा युरोपीय आयोगाचा उपक्रम. तिथे उत्तरदात्याला एका विधानाशी सहमत की असहमत ते सांगायचे असते. विधानाचा आशय असा: समलिंगी विवाहांना संपूर्ण युरोपात परवानगी असावी. "संपूर्ण युरोपात" या दोन शब्दांकडे बघा. आपल्या देशात चालेल, पण दुसऱ्यांवर ब्रसेल्सने, म्हणजे युरोपीय संघाने, लादू नये असे मानणारा माणूस इथे "असहमत" म्हणू शकतो. उलट दिशेनेही घडते: एखादे विधान वाचून दाखवून "सहमत का?" असे विचारले की हो म्हणण्याकडे माणसांचा थोडा कल असतोच. २०२३ मध्ये हंगेरीचा आकडा युरोबॅरोमीटरमध्ये ४२ आणि प्यूमध्ये ३१ होता, पोलंडचा ५० आणि ४१. एका यादीतला पोलंड दुसऱ्या यादीतल्या हंगेरीशी ताडला तर दोघांतले अंतर नाहीसे होते किंवा दुप्पट होते.

युरोपियन सोशल सर्व्हे ही दर्जाच्या दृष्टीने फार चांगली पाहणी, २००२ पासून साधारण दर दोन वर्षांनी होणारी. पण तिचा नेहमीचा प्रश्न विवाहाचा नाहीच. गे आणि लेस्बियन लोकांना आपल्या मर्जीप्रमाणे जगण्याची मोकळीक असावी का, असा तो आहे. २०१६ च्या फेरीपासून दत्तक घेण्याच्या हक्काबद्दल आणि जवळचा नातेवाईक समलिंगी असल्यास लाज वाटेल का याबद्दलही विचारतात. या पाहणीचा "मोकळीक" वाला आकडा "विवाहाला पाठिंबा" म्हणून छापलेला दिसला तर तो लेख तिथेच बाजूला ठेवा. वर्ल्ड व्हॅल्यूज सर्व्हे आणि युरोपियन व्हॅल्यूज स्टडी यांतला १ ते १० चा प्रश्न तर आणखी वेगळा आहे, समलैंगिकता कितपत समर्थनीय वाटते असा. तो नैतिक पसंतीचा मापदंड. मनातून न पटणारी गोष्टही कायद्याने असू द्यावी असे मानणारे लोक भरपूर असतात, म्हणून हे दोन मापदंड एकमेकांच्या जागी वापरता येत नाहीत.

इप्सॉसच्या आंतरराष्ट्रीय पाहणीत तीन पर्याय असतात: कायदेशीर विवाह करू द्यावा, विवाह नको पण काही कायदेशीर मान्यता द्यावी, किंवा काहीच नको. मधला पर्याय ठेवला की विवाहाचा आकडा खाली येतो, कारण दोनच पर्यायांत नाइलाजाने "हो" म्हणणारे काही जण मध्ये सरकतात. इटलीसारख्या देशात हे जास्त जाणवण्याचा संभव असतो. तिथे २०१६ पासून नागरी जोडीदारी आहे, विवाह नाही, म्हणजे मधला पर्याय लोकांच्या रोजच्या ओळखीचा आहे.

एक साधा नियम पाळा. तुलनेतले सगळे देश एकाच पाहणीच्या एकाच फेरीतले घ्या. दुसऱ्या पाहणीतला देश घ्यावाच लागला, उदाहरणार्थ युरोबॅरोमीटरमध्ये नसलेला नॉर्वे, स्वित्झर्लंड किंवा आता ब्रिटन, तर तो तक्त्याच्या मुख्य भागात घुसडू नका, खाली वेगळी ओळ आखून ठेवा.

तक्त्याचे रकाने

प्रत्येक देशासाठी एक ओळ आणि निदान हे रकाने: पाहणीचे नाव, मुलाखतींचा महिना आणि वर्ष, प्रश्नाचे शब्द, पर्याय किती, पाठिंबा, विरोध, "सांगता येत नाही", नमुन्याची संख्या, किमान वय, माध्यम. वर्ष लिहिताना अहवाल छापल्याचे वर्ष टाकू नका, मुलाखती घेतल्याचे टाका. दोन्हींत सहा महिने ते वर्षभराचे अंतर सहज असते, आणि मध्येच एखादा कायदा किंवा निकाल येऊन गेलेला असतो. किमान वय हा रकाना क्षुल्लक वाटतो, पण तसा नाही. युरोबॅरोमीटर आणि युरोपियन सोशल सर्व्हे १५ वर्षांपासूनच्या लोकांना विचारतात, बऱ्याच राष्ट्रीय पाहण्या १८ पासूनच्यांना. तरुणांत पाठिंबा जास्त असल्याने हा फरक आकड्यात थोडा का होईना उतरतो.

"सांगता येत नाही" चे काय करायचे

आयर्लंडचे उदाहरण हाताशी ठेवा. मे २०१५ च्या सार्वमतापूर्वी आलेल्या एका मोठ्या वृत्तपत्रीय चाचणीत होकार ५८, नकार २५ आणि न ठरलेले १७ टक्के होते. न ठरलेल्यांना गाळून मांडणी केली की ५८ ला ८३ ने भागायचे, उत्तर येते ७० टक्के. २२ मे ला प्रत्यक्ष निकाल लागला ६२.०७ टक्के होकार. गाळलेली माणसे उरलेल्यांच्याच प्रमाणात वाटली जातील हे त्या भागाकारात गृहीत धरलेले असते, आणि वादग्रस्त विषयात कुंपणावर बसलेले बरेच जण शेवटी नकाराकडे उतरतात.

म्हणून तक्त्यात तिन्ही आकडे ठेवा आणि तुलनेसाठी पाठिंब्याचा कच्चा आकडा वापरा, गाळून फुगवलेला नको. एका देशात "सांगता येत नाही" ३ टक्के आणि दुसऱ्यात १५ टक्के असेल तर पाठिंबा आणि विरोध दोन्ही बाजूंनी तुलना करून पाहा. कधी कधी दोन देशांचा पाठिंबा सारखा निघतो आणि विरोधात मात्र दहा टक्क्यांचे अंतर असते. बोलण्यासारखी गोष्ट मग तीच. पाच पायऱ्यांच्या प्रश्नांत "ना सहमत ना असहमत" असा मधला खण असतो. त्याला पाठिंब्यात किंवा विरोधात ढकलू नका. अमेरिकेच्या जनरल सोशल सर्व्हेचा विवाहहक्काचा प्रश्न या प्रकारचा आहे. १९८८ मध्ये तो पहिल्यांदा विचारला तेव्हा सहमत असलेले ११-१२ टक्केच होते.

कोणी, कसे विचारले

समोर बसलेल्या अनोळखी माणसाला उत्तर देताना लोक समाजात जे बरे दिसते त्याकडे झुकतात. गंमत अशी की बरे काय दिसते हे देशागणिक बदलते. स्टॉकहोममध्ये विरोध बोलून दाखवायला संकोच वाटेल, एखाद्या धार्मिक खेड्यात पाठिंबा बोलून दाखवायला. त्यामुळे समोरासमोर घेतलेल्या मुलाखती दोन टोकांच्या देशांतले अंतर खरे आहे त्यापेक्षा मोठे दाखवू शकतात. प्यूने २०२३ मध्ये पश्चिम युरोप आणि कॅनडात फोन वापरला, पोलंड आणि हंगेरीत घरोघरी माणसे पाठवली, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात पॅनेल. एकच पाहणी असूनही माध्यम एकच नव्हते. स्वीडनचे ९२ आणि हंगेरीचे ३१ यांतली दरी माध्यमाने पुसली जाण्याइतकी लहान नाही, पण पाच-सात टक्क्यांच्या फरकावर बोलताना हा रकाना आधी पाहावा.

फक्त ऑनलाइन पॅनेलवरच्या पाहण्यांत इंटरनेट कमी वापरणारी वयस्कर, ग्रामीण माणसे सुटतात. काहींत तर वयाला वरची मर्यादाच असते, ७४ किंवा ७५ ची. या विषयात नेमका तोच गट विरोधाकडे जास्त झुकलेला असल्याने असे आकडे थोडे चढे असतात.

फरक खरा की नुसता हेलकावा

साधारण १,००० जणांच्या पाहणीत ५० टक्क्यांच्या आसपासच्या आकड्याची चुकीची मर्यादा (मार्जिन ऑफ एरर, म्हणजे आकडा किती इकडेतिकडे असू शकतो ते) अधिक-उणे ३.१ टक्के. हे सगळ्यांना पाठ असते. दोन देशांतल्या फरकाची मर्यादा त्याहून मोठी असते हे मात्र विसरले जाते. सूत्र असे: प म्हणजे पाठिंब्याचा वाटा (७५ टक्के असेल तर ०.७५); प्रत्येक देशासाठी प गुणिले (१ वजा प) भागिले नमुना काढा, दोन्ही उत्तरे मिळवा, वर्गमूळ घ्या, १.९६ ने गुणा. दोन्हीकडे १,००० जण आणि आकडे पन्नाशीच्या आसपास असतील तर उत्तर ४.४ येते.

आता हे ऑस्ट्रेलियाच्या ७५ आणि ब्रिटनच्या ७४ ला लावा, नमुना प्रत्येकी १,००० धरून. ०.७५ × ०.२५ ÷ १,००० म्हणजे ०.०००१८७५. ०.७४ × ०.२६ ÷ १,००० म्हणजे ०.०००१९२४. बेरीज ०.०००३७९९, वर्गमूळ ०.०१९५, गुणिले १.९६ म्हणजे ३.८ टक्के. फरक आहे १ टक्का. "ऑस्ट्रेलिया ब्रिटनच्या पुढे" हे वाक्य लिहिता येत नाही. ब्रिटन आणि इटलीलाही एकाच पायरीवर बसवा. खऱ्या पाहण्यांत नमुना गटागटाने उचलून नंतर भारांक (नमुन्यात कमी-जास्त आलेल्या गटांचे वजन लोकसंख्येशी जुळवणारे आकडे) लावलेले असतात, त्याने मर्यादा आणखी वाढते; ती किती वाढते ते "डिझाइन इफेक्ट" या आकड्यावरून कळते. अहवालात "डिझाइन इफेक्ट" १.५ दिला असेल तर वरचे उत्तर १.५ च्या वर्गमूळाने, म्हणजे १.२२ ने गुणा. ३.८ चे ४.६ होतात.

उपगटांत तर फारच सांभाळा. १,००० पैकी ६५ वर्षांवरचे २०० जण असतील तर त्या एका गटाची मर्यादा सात टक्क्यांच्या घरात जाते. "इटलीतले ज्येष्ठ फ्रान्समधल्या ज्येष्ठांपेक्षा मागास" अशा मथळ्यांमागे पुष्कळदा एवढाच वाळूचा ढिगारा असतो.

भारांक आणि सरासरी

कच्ची माहिती उतरवून घेतली असेल, जी युरोपियन सोशल सर्व्हेच्या संकेतस्थळावर नोंदणी करून फुकट मिळते, तर भारांक लावल्याशिवाय एकही टक्केवारी काढू नका. तिथे "अ‍ॅनालिसिस वेट" नावाचा रकाना असतो. त्यात नमुन्यातली असमानता आणि देशाची लोकसंख्या दोन्ही हिशेबात धरलेली असते. तो न लावता अनेक देशांची सरासरी काढली तर छोट्या देशाचे मत मोठ्या देशाइतकेच भरते. युरोबॅरोमीटरमध्ये साधारण देशाला १,००० मुलाखती असतात, जर्मनीत सुमारे १,५००, तर लक्झेंबर्ग, माल्टा आणि सायप्रसला ५०० च्या आसपास. भारांकाविना लक्झेंबर्गचे वजन जर्मनीच्या एक तृतीयांश होईल, आणि लोकसंख्या तर शंभरातला एक भागही नाही.

वयाचा मुखवटा

समजा अ आणि ब असे दोन काल्पनिक देश आहेत. अ मध्ये ३५ च्या आतल्यांत पाठिंबा ८५ टक्के, ३५ ते ५४ मध्ये ७५, ५५ च्या वर ५५. ब मध्ये अनुक्रमे ८३, ७३, ५३. प्रत्येक वयोगटात अ दोन टक्क्यांनी वर आहे. पण अ म्हातारा देश आहे, त्यात या गटांचे वाटे २५, ३३ आणि ४२ टक्के. ब तरुण, तिथे ४०, ३५ आणि २५. गुणाकार करून बेरीज घेतली तर अ चा एकूण आकडा ६९ आणि ब चा ७२. प्रत्येक गटात मागे असलेला देश एकूण यादीत पुढे!

उपाय सोपा आहे. दोन्ही देशांना एकच वयरचना लावा, उदाहरणार्थ ३०, ३५, ३५. अ चे ७१ येतात, ब चे ६९. तक्त्यात दोन्ही आकडे द्या. पहिला देशात आज काय वातावरण आहे ते सांगतो, दुसरा सारख्या वयाची माणसे सारखा विचार करतात का ते सांगतो. धर्मपालनासाठीही हीच युक्ती चालते: नियमित प्रार्थनेला जाणारे, कधीमधी जाणारे, मुळीच न जाणारे असे तीन गट करून. पण वय आणि धर्म दोन्ही एकदम लावायला गेलात तर १,००० जणांचे नऊ खण होतात आणि काहींत तीस-चाळीस माणसेच उरतात.

सार्वमत म्हणजे पाहणी नव्हे

सार्वमताचा निकाल पक्का असतो, म्हणून तो पाहणीपेक्षा खरा, असे वाटणे साहजिक आहे. कायद्यासाठी तो अखेरचा शब्द खराच. पण तुलनेसाठी त्यात एक मोठे छिद्र आहे: मतदानाला कोण गेले. स्लोव्हेनियात डिसेंबर २०१५ मध्ये ६३.५ टक्के मते विवाहाच्या कायद्याविरुद्ध पडली. मतदान झाले होते ३६ टक्के. गुणाकार करा, विरोधात प्रत्यक्ष मत टाकणारे एकूण मतदारांच्या २३ टक्के. तिथल्या नियमानुसार कायदा पाडायला एकूण मतदारांच्या २० टक्के नकार लागतात, ती रेषा ओलांडली गेली आणि कायदा पडला. त्यावरून "स्लोव्हेनियातले ६३ टक्के लोक विरोधात" असे लिहिणे चूक आहे. तिथे विवाह २०२२ मध्ये घटनात्मक न्यायालयाच्या निर्णयाने आला.

हाच गुणाकार सगळीकडे करून पाहा. क्रोएशिया, डिसेंबर २०१३, विवाह म्हणजे स्त्री-पुरुषाचाच अशी घटनादुरुस्ती: ६५.८७ टक्के होकार, मतदान ३७.९ टक्के, म्हणजे एकूण मतदारांचा चौथा हिस्सा. स्वित्झर्लंड, २६ सप्टेंबर २०२१: ६४.१ टक्के होकार, एकूण एक कँटनमध्ये (तिथल्या प्रांतात) बहुमत, पण मतदान ५२.६ टक्के, म्हणजे एकूण मतदारांचा तिसरा हिस्सा. आयर्लंड: ६२.०७ टक्के होकार, मतदान ६०.५२, एकूण मतदारांच्या ३७.६ टक्के. ऑस्ट्रेलियाचे २०१७ चे पोस्टाने झालेले मतसर्वेक्षण: ६१.६ टक्के होकार आणि ७९.५ टक्के सहभाग, एकूण मतदारांच्या जवळपास ४९ टक्के. होकाराच्या टक्केवारीत शेवटचे तीन देश शेजारी शेजारी, एकूण मतदारांच्या हिशेबात मात्र ३४, ३८ आणि ४९. एरवी सक्तीचे मतदान असलेल्या ऑस्ट्रेलियात हे सर्वेक्षण ऐच्छिक होते हेही टिपेत हवे. रुमानियाचे २०१८ चे उदाहरण तर उलट्या बाजूचे. पारंपरिक व्याख्येच्या बाजूने ९० टक्क्यांहून अधिक मते पडली आणि तरीही सार्वमत फसले, कारण ३० टक्के मतदानाची अट होती आणि झाले २१ टक्के. विरोधकांनी घरी बसणे हेच मत मानले होते.

सार्वमताचा खरा उपयोग देशाच्या आत आहे. ऑस्ट्रेलियात १५० पैकी १३३ मतदारसंघांनी होकार दिला. नकाराच्या १७ पैकी १२ मतदारसंघ सिडनीच्या पश्चिम भागात होते, आणि ब्लॅक्सलँडमध्ये नकार ७३.९ टक्क्यांवर गेला. आयर्लंडमध्ये फक्त रॉसकॉमन-साउथ लिट्रिम हा एकच मतदारसंघ नकाराकडे गेला. १,००० जणांची कुठलीही पाहणी इतके बारीक दाखवू शकत नाही.

कायद्याची तारीख आणि कायद्यात काय होते

तक्त्याला आणखी दोन रकाने जोडा: विवाह कधीपासून, आणि त्याआधी कोणती व्यवस्था होती. नेदरलँड्स १ एप्रिल २००१ ला जगात पहिला, बेल्जियम २००३, स्पेन आणि कॅनडा २००५, नॉर्वे आणि स्वीडन २००९, पोर्तुगाल आणि आइसलँड २०१०, डेन्मार्क २०१२, फ्रान्स आणि न्यूझीलंड २०१३, जर्मनी ऑक्टोबर २०१७, ऑस्ट्रिया २०१९, एस्टोनिया आणि ग्रीस २०२४. डेन्मार्कमध्ये नोंदणीकृत भागीदारी १९८९ पासूनच होती, फ्रान्समध्ये पॅक्स हा नागरी जोडीदारीचा करार १९९९ पासून, जर्मनीत जोडीदारीचा कायदा २००१ पासून. या देशांत "विवाह" या शब्दावर होणारा वाद फक्त शेवटच्या पायरीचा होता.

शिवाय विवाहात काय काय येते तेही वेगळे. बेल्जियममध्ये विवाहानंतर तीन वर्षांनी, २००६ मध्ये दत्तकाचा हक्क आला, पोर्तुगालमध्ये २०१० चा विवाह आणि २०१६ चे दत्तक. फ्रान्समध्ये स्त्री-जोडप्यांना कृत्रिम गर्भधारणेच्या सोयी २०२१ मध्ये खुल्या झाल्या. त्यामुळे २०१२ मध्ये पोर्तुगीज माणसाने "विवाहाला पाठिंबा" म्हटले तेव्हा त्याच्या डोक्यातले चित्र डच माणसाच्या चित्रासारखे असेलच असे नाही. दत्तकावरचा वेगळा प्रश्न उपलब्ध असेल तर तो शेजारी मांडा, बऱ्याच देशांत तो आकडा विवाहापेक्षा खाली असतो.

काळाबरोबरचा बदल

युरोबॅरोमीटरची युरोपीय संघाची सरासरी २०१९ मध्ये ६९, २०२३ मध्ये ७२. तीन टक्क्यांची वाढ? पहिल्या आकड्यात ब्रिटन धरून २८ देश होते, दुसऱ्यात २७. ब्रिटनचा आकडा २०१९ मध्ये ८५ होता, म्हणजे त्याला वगळले की जुनी सरासरी खाली जाते आणि वाढ जास्त निघते. मालिका जोडताना आधी देशांचा संच सारखा करा. गॅलपच्या मालिकेतही अशी एक शिवण आहे: १९९६ च्या २७ टक्क्यांवेळी प्रश्नात "होमोसेक्शुअल" व्यक्तींमधले विवाह असे शब्द होते, पुढे ते "समलिंगी जोडपी" असे बदलले. रेषा काढा, पण शिवण जिथे आहे तिथे खूण करा.

वरच्या टोकाला पोचलेल्या देशांचा वेग मोजताना नुसती वजाबाकी फसवते. नेदरलँड्स युरोबॅरोमीटरमध्ये २००६ ला ८२, २०२३ ला ९४. फक्त १२ टक्क्यांची वाढ, कारण वर जायला जागाच १८ ची होती. उलट बाजूने पाहा: पाठिंबा न देणारे १८ वरून ६ वर, म्हणजे एक तृतीयांशावर आले. अमेरिकेत गॅलपनुसार १९९६ ते २०२३ मध्ये ते ७३ वरून २९ वर, म्हणजे दोन पंचमांशांवर, आणि तेही दहा वर्षे जास्त घेऊन. दोन्ही मापे द्या, वाचणारा शहाणा असतो.

रेषा नेहमी वरच जाते असेही धरून चालू नका. ब्रिटिश सोशल अ‍ॅटिट्यूड्समध्ये समलिंगी संबंध "नेहमीच चूक" म्हणणारे १९८३ मध्ये ५० टक्के होते, एड्सच्या भीतीच्या काळात १९८७ मध्ये ते ६४ वर गेले. अमेरिकेत गॅलपनुसार रिपब्लिकन मतदारांतला पाठिंबा २०२२ मध्ये ५५ होता, २०२५ मध्ये ४१. त्याच वर्षी डेमोक्रॅट ८८ वर. देशाची सरासरी ६८, म्हणजे शिखरापेक्षा जेमतेम तीन टक्क्यांनी खाली, आणि तिच्या आड दोन पक्षांत ४७ टक्क्यांची दरी. पाहणीत पक्ष किंवा डावे-उजवे हा रकाना असेल तर प्रत्येक देशासाठी ही दरी काढा. सरासरी सारखी असलेले दोन देश इथे पार वेगळे निघू शकतात.

बदल माणसांचा की पिढ्यांचा, हे पाहायचे असेल तर वय घेऊ नका, जन्मसाल घ्या. १९४० चे दशक, १९५० चे दशक असे दहा-दहा वर्षांचे गट करा आणि तोच गट २००२, २०१२, २०२२ मध्ये कुठे होता ते बघा. गटाची रेषा सपाट आणि नवे गट वर, तर पिढी बदलते आहे. प्रत्येक गटाची रेषा चढती, तर तीच माणसे मत बदलत आहेत. अमेरिकेतली चढण इतकी जलद होती की नुसत्या पिढीबदलाने ती भरून निघत नाही.

मांडताना

स्तंभांऐवजी ठिपक्यांचा आलेख घ्या. प्रत्येक देशासाठी एक ठिपका आणि त्याच्या दोन्ही बाजूंना चुकीच्या मर्यादेची आडवी रेघ. रेघा एकमेकींवर बऱ्याच चढत असतील तर त्या देशांना वेगवेगळे क्रमांक देऊ नका, "साधारण सारखे" अशी एकच चौकट आखा. नकाशा टाळा. रंगाच्या छटांत ४८ आणि ५१ वेगळ्या दिसतात आणि ५१ आणि ६९ एक.

आणि वाक्य लिहाल ते असे: "२०२३ च्या वसंतात प्यूने कायदेशीर विवाहाच्या परवानगीबद्दल विचारले तेव्हा स्वीडनमध्ये ९२, जर्मनीत ८०, ब्रिटन आणि इटलीत ७३-७४ आणि पोलंडमध्ये ४१ टक्के प्रौढांनी ठाम किंवा काहीसा पाठिंबा दिला. पोलंडमधल्या मुलाखती समोरासमोर, बाकीच्या फोनवर." लांब होते, संपादक कात्री लावायला बघतो. कापायचेच झाले तर देश कमी करा, प्रश्न आणि वर्ष राहू द्या.